आजचा शब्द : पिऊन

"मावशी, जरा वर या ना."

माइकवरून हाक आली तेव्हा मी मैदानाच्या कडेला पाण्याच्या पिंपाजवळ उभी होते. हातात ओलं फडकं. मला वाटलं, स्टेजवर काहीतरी सांडलं असेल. समईचं तेल गळलं असेल नाहीतर कुणा पोराला ओकारी झाली असेल. हाक आली की पुसायला जायचं, हे माझ्या पायांना इतकं पाठ झालंय की ते डोक्याला विचारत नाहीत. मी फडकं घेऊनच पायऱ्या चढले.

सांडलं काहीच नव्हतं.

इंग्रजीच्या सरांनी मला हातानं खूण करून स्टेजच्या मधोमध उभं केलं. फडकं कुठं ठेवावं ते कळेना, मी ते पाठीमागे धरलं. समोर अख्खी शाळा. पहिलीची पोरं पुढं मांडी घालून, मोठी मागं रांगेत. सर माइकमध्ये म्हणाले, "चिल्ड्रन, टुडेज वर्ड इज पिऊन. अँड हिअर इज अवर ओन पिऊन!"

"स्पेलिंग?"

"पी, ई, ओ, एन!" पोरं एका सुरात ओरडली.

"मीनिंग?"

पोरांनी स्टेजशेजारच्या फळ्यावरून वाचून दाखवलं. इंग्रजीतच होतं. मराठीत सांगायचं तर, खालच्या दर्जाचं, साधं काम करणारा नोकर. फळ्यावरचं अक्षर माझं होतं. पावणेसातला मीच ते लिहिलं होतं.

मग सर म्हणाले, हा शब्द वाक्यात कोण वापरेल? चौथीतल्या एका मुलीनं हात वर केला. दोन वेण्या, पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत. हुशार पोरगी, मला रोज गुड मॉर्निंग म्हणते. ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "इफ आय डोन्ट स्टडी, आय विल बिकम अ पिऊन."

मैदान हसलं. शिक्षकांच्या रांगेतही हसू आलं, तोंडावर हात ठेवून. प्रिन्सिपल मॅडमनी लगेच माइक घेतला. त्या वाईट बाई नाहीत. त्या म्हणाल्या, "नो नो बेटा. ऑल वर्क इज वर्शिप. मावशी आपल्यासाठी किती करतात! चला, से थँक्यू टू मावशी."

"थँ-क्यू मा-व-शी."

सहावी 'ब'च्या रांगेत, पुढून पाचव्या जागी, माझी मुलगी उभी होती. तिनंही म्हटलं. मी तिचे ओठ हलताना पाहिले.

*

गंगापूर रोडवरच्या या इंग्रजी शाळेत मी नऊ वर्षं शिपाई आहे. 'आजचा शब्द' ही शाळेची शान. प्रवेशाच्या माहितीपत्रकात त्या फळ्याचा फोटो आहे. रोज एक इंग्रजी शब्द, त्याचं स्पेलिंग, अर्थ आणि तो कुठून आला ते. सर आदल्या दिवशी चिठ्ठी देतात, मी सकाळी ती रंगीत खडूनं उतरवते. माझ्या कामाच्या यादीत हे नाही. माझे वडील पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी बसून गाड्यांच्या नंबर प्लेट रंगवायचे, त्यांच्यामुळे माझ्या हाताला वळण आहे. एकदा सर रजेवर होते म्हणून मी लिहिलं, मॅडमना अक्षर आवडलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचं. मी बारावी झालेली, इंग्रजीत काठावर पास. चिठ्ठी फेकून न देता घरी आणायचे आणि वहीत उतरवायचे. तीन वह्या भरल्या. सरांच्या चिठ्ठीत कधी एखादं अक्षर चुकलेलं असायचं, ते मी गुपचूप दुरुस्त करून लिहायचे. सरांना ते कधी कळलं नाही.

यंदा जूनपासून त्यात नवी भर पडली. शब्द नुसता वाचायचा नाही, डोळ्यांनी पाहायचा. 'फ्रेग्रन्स'च्या दिवशी मोगऱ्याची परडी रांगांमधून फिरली. 'व्हेटरन'च्या दिवशी एका मुलीचे आजोबा आले, फौजेतून निवृत्त झालेले, छातीवर बिल्ले. त्यांना खुर्ची दिली. शाल, श्रीफळ दिलं. पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शाल-श्रीफळाचं ताट धरून मीच मागं उभी होते. म्हणजे त्या स्टेजवर माणसाचा मान कसा करतात, हे शाळेला माहीत नव्हतं असं नाही.

मग श्रमप्रतिष्ठा सप्ताह आला. सोमवारी माळी, मंगळवारी ड्रायव्हर. गुरुवारची चिठ्ठी बुधवारी दुपारी माझ्या हातात पडली. मी ती जिन्यात वाचली. पुन्हा वाचली. आणि गुरुवारी सकाळी लिहिली. शब्द मोठा, निळ्या खडूनं. अर्थ पांढऱ्यानं. 'लो' लिहिताना हात थांबला होता, हे मला आठवतं. थांबला आणि पुन्हा चालू लागला. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची. मला कुणी काठी दाखवली नव्हती. चिठ्ठी आली, मी लिहिलं.

*

आता हे 'मावशी' प्रकरण.

मी अडतीस वर्षांची आहे. प्रिन्सिपल मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या. त्याही मला मावशी म्हणतात. गेल्या वर्षी लागलेली तेवीस वर्षांची टीचरही मावशी म्हणते, तिची पहिलीतली पोरंही मावशी म्हणतात. शिपाई बाई असली की मावशी, बुवा असला की मामा. कुठल्याही शाळेत जा, दवाखान्यात जा, ऑफिसात जा. आपल्याकडे म्हण आहे, कामापुरता मामा आणि ताकापुरती आजीबाई. लोक ती दुसऱ्याच्या स्वार्थावर बोट ठेवायला वापरतात. स्वतः मात्र रोज दहा वेळा मामा आणि मावशी करतात आणि त्यांना वाटतं, आपण किती प्रेमानं बोललो.

मावशी म्हणायचं, म्हणजे नाव विचारावं लागत नाही. नऊ वर्षांत स्टाफरूममधल्या दोघींनी मला नाव विचारलं. त्यातली एक सोडून गेली. संक्रांतीला स्टाफरूममध्ये हळदीकुंकू असतं. टेबलं मी सरकवते, पसारा मी आवरते. वाण सगळ्यांना हातात देतात. माझं टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवतात आणि म्हणतात, "मावशी, ते तुमचं बरं का." आम्ही बौद्ध, मला ते हळदीकुंकू नकोच आहे. पण प्लास्टिकचा डबा हातात दिल्यानं कुणाचा धर्म बुडतो, ते एकदा सांगा की.

शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीला उलटून बोलता येतं. "अहो मावशी, प्लीज," याला काय उलटून बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि तरी मी माझ्या मुलीला हेच शिकवलं. तिचं नाव समीक्षा. पहिलीच्या वेळी तिचा पंचवीस टक्क्यांच्या कोट्यात लॉटरीनं नंबर लागला. ज्या शाळेत मी फरशी पुसते तीच शाळा मिळाली. मी आणि हिच्या पप्पांनी वस्तीत पेढे वाटले. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सुपरव्हायझर मॅडमनी मला बाजूला घेतलं. "मावशी, तुमच्या भल्यासाठी सांगते. मुलांना कळायला नको की ती तुमची मुलगी आहे. मुलं चिडवतात हो. तिलाच त्रास होईल. आणि आपण तिला घेतलंय, तर नीट शिकू दे."

आपण घेतलंय. हा शब्द माझ्या डोक्यात असा बसला की पाच वर्षं हलला नाही. मला वाटायचं, यांनी उपकार केलाय, आणि माझं तोंड उघडलं तर उपकार परत घेतील.

पहिल्या दिवशी गेटच्या अलीकडे मी तिच्यासमोर उकिडवी बसले. तिचा टाय सरळ केला. म्हटलं, "इथून आत गेलं की मला मावशी म्हणायचं."

ती म्हणाली, "आणि घरी?"

"घरी आई."

पोरगी हुशार. एका दिवसात शिकली. दुसरीत असताना ती घसरगुंडीवरून पडली, गुडघा फुटला. तिला माझ्याकडेच आणलं, कारण पोरांच्या जखमा मीच धुते. मी डेटॉल लावलं तेव्हा ती कळवळली. तिच्या तोंडून "आ" निघाला आणि तिथंच थांबला. शेजारी तिच्या वर्गातल्या दोघी उभ्या होत्या. मग ती म्हणाली, "मावशी, दुखतंय." मी पट्टी बांधली आणि म्हटलं, "होईल हं बरं, बाळा." त्या वेळी मला तिचा अभिमान वाटला होता. पोरगी समजूतदार आहे असं मी घरी सांगितलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

*

गुरुवारी प्रार्थना संपल्यावर पोरं वर्गात गेली. मी लायब्ररी झाडायला गेले. तिथं खिडकीशी एक जाडजूड डिक्शनरी आहे, लाकडी स्टँडवर. कुणी उघडत नाही, फोनमध्ये सगळं असतं. रोज तिच्यावरची धूळ मी पुसते. त्या दिवशी पुसून झाल्यावर मी ती उघडली.

सरांच्या चिठ्ठीत 'मूळ : पोर्तुगीज' एवढंच होतं. डिक्शनरीत त्याच्या मागचंही होतं. मला वेळ लागला, बोट ठेवून वाचलं. शब्द पोर्तुगीजांचा आणि स्पॅनिशांचाही, त्यांच्याकडे लॅटिनमधून आलेला. लॅटिनमध्ये मूळ आहे पाय. पिऊन म्हणजे पायी चालणारा. पायदळातला सैनिक. ज्याला घोडा नाही तो.

त्यात कुठं 'खालचा' नव्हतं. ते नंतर चिकटलं. घोड्यावर बसणाऱ्यांनी चिकटवलं असणार, कारण दौत-लेखणी त्यांच्याकडे. लढाईत पहिला मरायला पायी चालणारा पुढं, आणि लढाई संपली की त्यालाच पाणी आणायला पिटाळायचं. आपला शिपाईसुद्धा फारसीतून आलेला, फौजेतलाच. सरहद्दीवर उभा राहिला तर त्याच्या नावानं पोरं घोषणा देतात. शाळेच्या दारात उभा राहिला तर त्याला म्हणतात, जरा फॅन बंद कर.

मी आणखी पानं उलटली. बुद्धिबळातलं प्यादं, त्याचा इंग्रजी शब्द याच घरातला. आणि अजून एक सापडला. पायोनियर. सैन्याच्या पुढं पायी जाऊन झाडं तोडणारा, वाट करणारा. त्याचंही मूळ तेच. हा शब्द मी रोज पाहते. शाळेच्या गेटवर सोनेरी अक्षरात लिहिलंय, दर्जेदार शिक्षणात पायोनियर. एकाच घरातली दोन भावंडं, एकाला गेटवर सोन्यात मढवलं आणि दुसऱ्याला फडकं देऊन स्टेजवर उभं केलं.

मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. लहान पोराला काही सापडलं की ते दाखवायला पळतं, तशी मी मधल्या सुट्टीत सरांकडे गेले. म्हटलं, "सर, पिऊन आणि पायोनियर एकाच शब्दापासून आलेत. डिक्शनरीत आहे."

सरांनी वर पाहिलं. "मावशी, तुम्ही डिक्शनरी बघता?"

'तुम्ही'वर जोर होता. मी म्हटलं, "हो. पान काढून ठेवलंय."

"अरे वा!" सर बाजूच्या टीचरकडे बघून हसले. "बघा, आता आपल्याला मावशींकडे ट्यूशन लावावी लागेल." ती पण हसली. मग सर मला म्हणाले, "इंटरेस्टिंग हं. बरं, तेवढा चहा सांगता का?"

मी चहा सांगितला. हेही लिहून ठेवते. सांगितला. स्वतः नेऊन दिला. कप ठेवताना चहा बशीत सांडला. सर म्हणाले, "सावकाश, मावशी."

*

घरी आल्यावर समीक्षा माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती. डबा धुतला, दप्तर भरलं. मलाच राहवलं नाही.

"तू पण म्हणालीस ना थँक्यू मावशी?"

तिनं दप्तराची चेन लावली. मग म्हणाली, "सगळे म्हणाले. मी एकटीच गप्प राहिले असते तर कळलं असतं ना सगळ्यांना."

तिचं बरोबर होतं. माझंच शिकवणं होतं ते, तिनं मन लावून केलं होतं. मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

हिचे पप्पा अंबडला एका कारखान्यात कंत्राटी फिटर आहेत. सासर सायखेड्याचं, त्यांची बोली अजून तिकडचीच. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "मंग काय झालं? पिऊनला पिऊन नाय म्हणणार तर काय कलेक्टर म्हणणार?"

"अख्ख्या शाळेसमोर उभं केलं मला. पोरीसमोर."

"हे बघ, तुझी नोकरी हाय तोवर पोरीची शाळा हाय. लय डोक्यात घेऊ नको. दोन-तीन वर्षं राह्यली, गप काढायची."

ते काही भित्रे नाहीत. रोज कारखान्यातल्या सुपरव्हायझरचं ऐकून घेऊन घरी येणारा माणूस आहे, त्याला गप्प बसण्याची सवय पगारासोबत लागलेली. पण त्यांचं ते वाक्य माझ्या मनात राहिलं. नोकरी आहे तोवर शाळा आहे. कुणी सांगितलं हे? सुपरव्हायझर मॅडमनी तरी असं सांगितलं होतं का? त्या म्हणाल्या होत्या, आपण घेतलंय. बाकीचं आम्हीच जोडलं होतं.

कपाटात प्रवेशाचं पत्र होतं, रेशनकार्डाच्या पिशवीत. पाच वर्षांत मी ते किती वेळा काढलं, झेरॉक्स केलं, परत ठेवलं. वाचलं कधीच नव्हतं. शुक्रवारी वाचलं. मराठीत होतं, डिक्शनरीचीसुद्धा गरज नव्हती. कायद्यानं मिळालेला प्रवेश. आठवीपर्यंत मोफत. आईची नोकरी, आईची वागणूक, शाळेची मर्जी, यातलं काहीही त्यात नव्हतं. तरी खात्री करायला मी रजा टाकून शिक्षण विभागाच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, माझी नोकरी गेली तर मुलीचा प्रवेश जाईल का? त्यानं कंटाळून पाहिलं. "बाई, तुमच्या नोकरीचा इथं काय संबंध?"

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. खूप राग आला. पाच वर्षं ज्या बोज्याखाली मान खाली घालून चालले, तो बोजा नव्हताच. पोरीच्या तोंडातून मी 'आई' काढून घेतलं होतं, आणि कुणी मागितलीसुद्धा नव्हती तितकी किंमत मोजली होती. उपकार कुणी केलाच नव्हता. बाक तिचा हक्काचा होता. मी रडले नाही, मला शिव्या सुचत होत्या.

*

शनिवारी पालकसभा होती. प्रत्येक पालक पाच मिनिटं क्लासटीचरसमोर बसतो, प्रगतिपुस्तक घेतो, सही करतो. माझं काम चहा आणि पाण्याचं. समीक्षाच्या पालकसभेला तिचे पप्पा जातात. त्यांची ड्युटी असली की कुणीच जात नाही. सगळे गेल्यावर क्लासटीचर मला पॅसेजमध्ये गाठून प्रगतिपुस्तक हातात देते, "मावशी, हे घ्या, सही करून आणा," आणि चालायला लागते. पाच वर्षांत मी त्या खुर्चीवर एकदाही बसले नव्हते. ती खुर्ची मात्र शेकडो वेळा मांडली होती.

त्या शनिवारी हिच्या पप्पांची कारखान्यात पहिली पाळी होती. मी सकाळीच ऑफिसात एक तासाच्या सवलतीचा अर्ज दिला, कारण म्हणून लिहिलं, पालकसभा. क्लार्कनं न वाचताच ट्रेमध्ये टाकला.

दहा वाजता चहाचा ट्रे खाली ठेवला. अंगावर शाळेचीच साडी, पोपटी, काठावर शाळेचं नाव. ती बदलायचा विचार मनात आला होता. नाही बदलली. सहावी 'ब'च्या दाराशी यादीत समीक्षाच्या नावापुढं सही केली आणि रांगेतल्या बाकावर बसले. माझ्या शेजारच्या बाई थोड्या सरकल्या. एका गृहस्थांनी पेपर कप माझ्यापुढं धरला, टाकायला. मी तो घेतला नाही. ते जरा वेळ तसेच धरून बसले.

माझा नंबर आला. मी आत जाऊन खुर्चीवर बसले.

क्लासटीचरनं कागदातून वर पाहिलं नाही. "मावशी, पाणी टेबलावरच ठेवा."

"मॅडम, मी समीक्षाची आई. माझा नंबर आलाय."

तिनं वर पाहिलं. दाराबाहेर पालक होते, त्यांची मुलं होती. आतल्या बाजूला भिंतीपाशी समीक्षा दोन मैत्रिणींबरोबर उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्याकडे फार वेळ बघू शकले नाही.

"अहो, पण तुमची आत्ता ड्युटी..."

"सवलत घेतलीय. अर्ज दिलाय."

"बरं," ती प्रगतिपुस्तक उघडत म्हणाली. तिला घाई झाली होती. "ओव्हरऑल ठीक आहे. इंग्लिश जरा वीक आहे. घरी कोणी बघणारं नाही ना, म्हणून होतं असं."

"मी बघते. तिचं चुकतंय ते कुठं, ते सांगा. 'वीक' म्हणजे काय ते सांगा. पेपर दाखवा."

"मावशी, पेपर आता इथे..."

"सगळ्यांना दाखवताय. मी बाहेरून बघत होते."

मग पेपर निघाला. मी एकेक पान पाहिलं. दोन ठिकाणी बरोबर उत्तराला गुण द्यायचे राहिले होते. मी बोट ठेवलं. क्लासटीचरनं लाल पेनानं ते वाढवले. तिचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं असावं, प्रिन्सिपल मॅडम आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, काय चाललंय हे? ऑफिसात बोलू आपण. पालक थांबलेत."

मी उठले नाही. म्हटलं, "मॅडम, मीही पालकच आहे. आणि मला नाव आहे. हजेरीपटावर नऊ वर्षं आहे."

मी नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांचं आणि आडनाव धरून. इथं ते लिहीत नाही. तुमची पोरं ज्या शाळेत जातात तिथं एक बाई आहे, तिचं नाव तुम्हाला आठवतंय का, ते आधी बघा.

सही केली. पाच मिनिटं झाली होती. मी खुर्ची मागं सारली, बाहेर आले आणि ट्रे उचलला, कारण सवलत संपेपर्यंत थांबायची मला गरज नव्हती आणि लोकांना तहान लागली होती.

*

इथं कुणाला वाटेल, पोरगी धावत आली असेल, गळ्यात पडली असेल. तसं काही झालं नाही.

समीक्षा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवली नाही. रविवारी संध्याकाळी फुटली. "तू का बसलीस तिथं? तूच सांगितलं होतंस ना मावशी म्हणायचं? मी पाच वर्षं म्हटलं ना? मग आता का? आता मी काय करू?"

सोमवारी तिच्या शेजारची जागा रिकामी होती. तिच्या शेजारची मुलगी दुसऱ्या बाकावर गेली होती. डबा तिनं एकटीनं खाल्ला, हे मी व्हरांडा पुसताना पाहिलं. कुणीतरी तिला 'मावशीची मुलगी' म्हणालं. ती मला शाळेत मावशी म्हणत नाही आता, आईही म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. समोरून आली तर खाली बघून जाते.

मी तिला एवढंच म्हटलं, "चूक माझी होती. तेव्हाची. परवाची नाही." तिला ते पटलं नाही. बारा वर्षांच्या पोरीला का पटावं? तिचं जे गेलं ते डोळ्यांना दिसणारं गेलं, मैत्रीण, बाक, मधली सुट्टी. मी जे मिळवलं म्हणते ते तिला दिसतही नाही. कधीकधी मलाही दिसत नाही. हिचे पप्पा म्हणाले, "झालं समाधान?" मी म्हटलं, "नाय झालं."

बुधवारी सुपरव्हायझर मॅडमनी ऑफिसात बोलावलं. शनिवारी कामाच्या वेळेत जागा सोडली, पालकांसमोर शिस्तभंग केला, लेखी खुलासा द्या. अर्ज दिला होता म्हटलं, तर अर्ज मंजूर झालेला नव्हता. खुलाशाचा कागद त्यांनी टाइप करूनच ठेवला होता. माझी मेहनत वाचावी म्हणून. "माझ्याकडून नकळत चूक झाली. यापुढे असे होणार नाही." खाली सहीची जागा, कंसात 'शिपाई'.

"सही करा मावशी, विषय संपला. आम्ही काही वाढवणार नाही." आवाजात माया होती. तीच ती, पाच वर्षांपूर्वीची.

मी म्हटलं, "उद्या देते."

"त्यात उद्या काय द्यायचंय? सही तर करायचीय."

"लिहिता येतं मला, मॅडम."

मी तो टाइप केलेला कागद टेबलावरच ठेवून आले. घरी कोरा कागद घेतला. समीक्षा समोर गणितं करत बसली होती, मान वर न करता. वडिलांनी शिकवलेल्या वळणानं, एकेक अक्षर सुटं लिहिलं. दोन प्रती केल्या. गुरुवारी सकाळी आवक क्लार्ककडे एक दिली आणि दुसरीवर शिक्का मारून घेतला. तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला पोच कशाला लागते?" मी म्हटलं, "लागते." शिक्का पडेपर्यंत मी खिडकीतून हलले नाही.

खुलाशात मी लिहिलं :

शनिवारी सकाळी दहा वाजता मी सहावी 'ब'च्या वर्गात माझ्या मुलीची पालक म्हणून खुर्चीवर बसले. हे मी जाणूनबुजून केले. ती आठवी पास होईपर्यंत शाळेत जितक्या पालकसभा होतील, त्या प्रत्येक सभेला मी बसेन. मला कामावरून कमी केले, तरी बाहेरून येऊन बसेन.